हवेची सवय



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांचा मी विद्यार्थी नव्हे. तुमच्यातले बरेच जण आहेत, त्यांचा मला हेवा वाटतो. सर माझ्याकडे आले ते पेशंट म्हणून, निवृत्तीनंतर. जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार. जन्मात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. खोदून विचारले तेव्हा कळले, की लहानपण आणि तरुणपण लालबागच्या चाळीत, गिरणीच्या भिंतीला लागून गेले आणि पुढची पस्तीस वर्षे खडूच्या धुळीत. हसत म्हणाले, "डॉक्टर, माझ्या वर्गात कोरडं डस्टर मी कधी चालू दिलं नाही. फळा पुसायचा तो ओल्या फडक्याने. पोरं चेष्टा करायची, पण पुढच्या बाकावरचं खोकणं थांबलं." त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली म्हणून हे जाहीरपणे सांगतो आहे. त्या ओल्या फडक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. मुंबईच्या पूर्व उपनगरात, चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात तीसेक वर्षे ओपीडी केली. तिथे सर्वांत जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, पंपाची सवय तर नाही ना लागणार?" इन्हेलरला आपल्याकडे पंप म्हणतात आणि पंप म्हटले की आईबापांच्या पोटात गोळा येतो. पंपाची सवय लागत नाही, हे आधी सांगून टाकतो. पण असाच प्रश्न विचारणाऱ्या एका आईचे दुसरे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. सात-आठ वर्षांचा मुलगा, रात्रभर खोकला, छातीत शिट्टी वाजावी तसा आवाज. मी विचारले, घराजवळ धूर असतो का? ती म्हणाली, "नाही, धूर नाही. नेहमीचाच आहे."

तिचे घर देवनारच्या डम्पिंग ग्राउंडपासून हाकेच्या अंतरावर. तिथे कचरा टाकायला १९२७ सालापासून सुरुवात झाली, म्हणजे तिच्या आजीच्या जन्माआधीपासून. तिच्या दृष्टीने वेगळा, जास्तीचा, अचानक येतो तो धूर. रोजचा असतो ती हवा. आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या 'नेहमीचाच' शब्दाभोवती आहे.

ही सवय आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि गिरणगावाच्या आकाशात धुराडी उभी राहिली. धुराचा त्रास सरकारलाही जाणवत होता. त्यासाठी मुंबईत स्वतंत्र धूर-उपद्रव कायदा झाला, तो १९१२ साली! पण चाळीतल्या माणसाला धुराड्यातून धूर निघत असला म्हणजे गिरणी चालू आहे, गिरणी चालू आहे म्हणजे पगार होणार, एवढे गणित पाठ होते. धूर बंद झाला की काळजी. अशा ठिकाणी धुराविरुद्ध जागृती कोण कोणाची करणार?

पुढे केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या हवेचा आणि मुंबईकरांच्या छातीचा एकत्र अभ्यास हाती घेतला. लालबाग, चेंबूर, खार असे शहराचे तीन भाग आणि तुलनेला एक ग्रामीण भाग. घरोघरी जाऊन खोकला विचारला, श्वास मोजला, हवाही मोजली. जिथे हवा वाईट तिथे खोकला आणि दम जास्त, हे त्यांनी आपल्याच शहरात, आपल्याच माणसांवर दाखवून दिले. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली. मुंबईची हवा ही अलीकडची बातमी आहे असे वाटणाऱ्यांनी हे काम आठवावे.

आता थोडा वेळ लंडनला जाऊ, कारण सवय मोडायला काय लागते हे तिथे दोनदा दिसले आहे. ५ डिसेंबर १९५२. थंडी कडाक्याची, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. वारा पडला आणि धूर शहरावर पाच दिवस बसून राहिला. लंडनकरांना धुके नवीन नव्हते, त्यामुळे त्या पाच दिवसांत फारसा कोणी घाबरला नाही. लोक चाचपडत कामावर गेले, वैतागले, विनोद केले. नंतर मृत्यूंच्या नोंदी मोजल्या तेव्हा सुमारे ४,००० माणसे जास्तीची गेल्याचे दिसले. पुढच्या आठवड्यांतल्या जादा मृत्यूंचे खापर सरकारी अहवालाने इन्फ्लुएन्झावर फोडले. अलीकडच्या संशोधकांनी हिशोब पुन्हा मांडला तो १२,००० च्या घरात जातो. माणसे मेली ती घरात, रुग्णालयात, आपापल्या जुन्या दम्याने आणि हृदयविकाराने. रस्त्यात कोसळून मेली असती तर त्याच दिवशी गहजब झाला असता. स्वच्छ हवेचा कायदा यायला १९५६ उजाडले.

दुसरी घटना त्याच शहरातली. एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. घर लुईशॅम भागात, वाहनांनी सदा भरलेल्या साउथ सर्क्युलर रोडपासून जेमतेम पंचवीस मीटरवर. आधीच्या तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. तिची आई रोझामंड वर्षानुवर्षे लढली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण असे स्पष्ट लिहिले. पण माझ्यासारख्या डॉक्टरला खाली मान घालायला लावणारा भाग पुढेच आहे. त्याच निर्णयात म्हटले आहे, की हवेमुळे मुलीचा दमा बळावतो ही माहिती आईला दिली गेली नव्हती आणि ती मिळाली असती तर तिने काही पावले उचलली असती. पंचवीसहून अधिक वेळा डॉक्टरांची गाठ पडूनही रस्त्याचा विषय आईपर्यंत पोचला नाही. आपल्या ओपीडीत तरी तो कितीदा निघतो? औषध लिहून द्यायला दोन मिनिटे पुरतात. घर कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, स्वयंपाक कशावर, शाळा कोणत्या रस्त्याने, हे विचारायला दहा लागतात. ती दहा मिनिटे मीही अनेकदा दिलेली नाहीत.

आता हवा शरीरात करते काय ते बघू. सगळी धूळ सारखी नसते. जाड धूळ नाकातल्या केसांत, घशातल्या चिकट स्रावात अडकते, आपण ती शिंकून-खाकरून बाहेर टाकतो. खरा घात करतो तो अडीच मायक्रॉनहून लहान कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात. डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा साधारण तिसावा हिस्सा. तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथे दाह होतो आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून हा नुसता खोकल्याचा विषय राहत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सीओपीडी म्हणजे श्वासमार्गाचा जुनाट विकार, न्यूमोनिया, मधुमेह, कमी वजनाचे बाळ, इथपर्यंत धागे जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल तर २०१३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेला तंबाखूच्या पंक्तीत, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांच्या गटात बसवले. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात देशात १६ लाख ७० हजार मृत्यूंमागे घरातले आणि बाहेरचे मिळून हवेचे प्रदूषण होते. एकूण मृत्यूंच्या ते १७.८ टक्के. एवढे मोठे कारण, पण आपल्या मृत्यूच्या दाखल्यावर ते दिसायचे नाही. तिथे 'हृदयक्रिया बंद पडून' असेच असते.

मुंबईकर म्हणतात, आम्हाला समुद्र आहे, दिल्लीसारखे आमचे होणार नाही. समुद्राने आपल्याला पुष्कळ सांभाळले हे खरे. दिवसा खारे वारे आत येतात, रात्री मतलई वारे बाहेर जातात आणि शहर रोज थोडे धुऊन निघते. पण हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, जणू पातेल्यावर झाकण बसते. खाली आपण जे काही सोडले ते तिथेच शिजत राहते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईकरांनी हे अनुभवले. पुढच्या ऑक्टोबरात तर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. समुद्र तोच होता, बांधकामे, वाहने आणि भट्ट्या वाढल्या होत्या.

तेव्हापासून लोकांच्या मोबाइलवर हवेचा आकडा आला. सकाळी दूध-पेपरबरोबर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. याला आपण जागृती म्हणतो. चांगलेच आहे. पण आकड्याशेजारी एक शब्दही असतो, तो कधी निरखलात का? हिवाळ्यात मुंबई-पुण्यात पुष्कळदा दिसणारा शब्द आहे, 'मध्यम'. मध्यम म्हणजे आपल्या कानाला काय वाटते? मध्यम आच, मध्यम बांधा, मध्यमवर्ग. फार नाही, कमी नाही, बरे चालले आहे. आता मूळ सरकारी वर्गवारी बघा. २०१४ साली निर्देशांक जाहीर झाला तेव्हा या पायरीचे नाव 'मध्यम प्रदूषित' अशा अर्थाचे होते. रोजच्या वापरात त्यातला 'प्रदूषित' गळला आणि 'मध्यम' तेवढा राहिला. त्याच तक्त्यात या पायरीसमोर लिहिले आहे, की फुप्फुसाचे विकार असलेल्यांना श्वासाचा त्रास आणि हृदयरोगी, मुले, वृद्ध यांना अस्वस्थता होऊ शकते. प्रत्येक घरात यातले कोणी ना कोणी असतेच. म्हणजे 'मध्यम' हा शब्द खरा लागू कोणाला?

त्याच्या आधीची पायरी तर 'समाधानकारक'. पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ३१ ते ६० मायक्रोग्रॅम असली की आपण समाधानी व्हायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी घातलेली मर्यादा १५ आहे. वर्षाची सरासरी त्यांच्या मते ५ च्या वर नसावी, आपल्या २००९ च्या मानकात ती ४० पर्यंत चालते. मानके देशाच्या परिस्थितीप्रमाणे ठरतात, हे मला मान्य आहे. पण फुप्फुसाला देश कळत नाही. आणि आणखी एक, सरकारी आकडा हा चोवीस तासांची सरासरी असतो. तुमच्या नाक्यावर सकाळी आठ ते दहा सिग्नलला काय चालते, ते त्या सरासरीत विरघळून जाते. आकडा बघा, पण त्यावर विसंबून निर्धास्त होऊ नका.

घरातल्या हवेकडेही बघितले पाहिजे. दिवाळीचेच घ्या. सुतळी बॉम्बवर आपण तावातावाने बोलतो, कारण तो ऐकू येतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजून पाहिला. पीएम २.५ मध्ये पहिला नंबर कोणाचा आला असेल? नागगोळीचा. सर्वोच्च पातळी घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम. फुलबाजी, चक्री, अनार सगळे तिच्या मागे. जी गोळी आवाज करत नाही, हात भाजत नाही, म्हणून आपण चार वर्षांच्या नातवाच्या हाती काडी देतो आणि तो उकिडवा बसून, नाक खाली घालून साप वर येताना बघतो, ती ही गोळी. तसेच डासांच्या कॉईलचे. बंद खोलीत एक कॉईल जळून जाईपर्यंत सूक्ष्म कणांच्या हिशोबाने सुमारे शंभर सिगारेटी ओढल्यासारखे होते, असे मोजमाप झालेले आहे. सिगारेट ओढणाऱ्याला आपण गॅलरीत पाठवतो आणि कॉईल पाळण्याखाली ठेवतो.

डॉक्टर म्हणून मला सल्लेही द्यायला हवेत. हिवाळ्यात पहाटेचा फेरफटका ऊन पडेपर्यंत लांबवा आणि हमरस्ता टाळा. रुमाल किंवा ओढणी सूक्ष्म कणांना अडवत नाही, नीट घट्ट बसलेला एन-९५ मास्क अडवतो. दम्याचा पंप दिला असेल तर बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन आठवडे खोकला राहिला तर 'हवा बदलली' म्हणून अंगावर काढू नका.

पण हे सल्ले देताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. 'हवा वाईट आहे, बाहेर पडू नका' हे मी कोणाला सांगणार? पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला? कोरड्या झाडूने उडणारी धूळ सर्वांत आधी तिच्याच नाकात जाते. नाक्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराला? बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्याला? त्यांना घरी बसणे परवडत नाही आणि घरी बसले तरी घर डम्पिंगला लागून. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसत होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुले घरी राहिली, म्हणजे त्याच धुरात राहिली.

माहुलची कथा याहून बोलकी. तेल आणि रसायनांच्या कारखान्यांना खेटून असलेले हे गाव. केईएमच्या पाहणीत तिथल्या ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून जास्त वेळा दम लागतो असे सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. त्यानंतरही जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना पुनर्वसन म्हणून पाठवले ते माहुललाच. त्यांनी रस्त्यावर बसून दाद मागितली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, दुसरे घर देता येत नसेल तर महिन्याला १५,००० रुपये भाडे द्या, असे बजावले. माहुलमध्ये माहितीची वाण नव्हती. पाहणी होती, निकाल होता. ठरवणाऱ्यांनी तो वाचून बाजूला ठेवला होता. जागृती म्हटले की आपल्याला शाळेतली चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी आठवते. माहुलच्या प्रकरणात जागृतीची गरज कोणाला होती, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळे ऐकून हताश होऊन घरी जाऊ नका. १९९९ साली धुराने त्रासलेले काही मुंबईकर एकत्र येऊन उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते, की हा धूर वाहनांचा आहे, त्याचे काय करता ते सांगा. न्यायालयाने यासाठी एक समिती नेमली, लाल समिती, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. आज टॅक्सीमागे उभे राहून डोळे चुरचुरत नाहीत, हे आपण विसरूनही गेलो. चांगल्या गोष्टीचीही सवय होते.

त्या लोकांनी केले ते एवढेच, की 'हवा वाईट आहे' हे वाक्य त्यांनी पुरे केले. कशामुळे, कोणाच्या अखत्यारीत, आणि कधीपर्यंत थांबवणार. नळाला गढूळ पाणी आले तर आपली सोसायटी दुपारपर्यंत वॉर्ड ऑफिस गाठते. कोणी म्हणत नाही, की पाणी मध्यम आहे, चालवून घेऊ. माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. हवा आत घेतो ती सुमारे दहा हजार लिटर. तिच्यासाठी आपण ऑफिसची पायरी चढलो आहोत का?

आता सरांचे ओले फडके. सरांनी पुढच्या बाकावरच्या मुलांना नाकाला रुमाल लावायला सांगितले नाही. दमेकरी मुलाला मागच्या बाकावर पाठवले नाही. धूळ जिथून उडते तिथेच ती ओली केली. आपल्याकडचे बहुतेक जागृतीचे संदेश आज रुमाल वाटत आहेत. मास्क लावा, खिडकी लावा, यंत्र विकत घ्या. ज्याला जमेल त्याने जरूर करावे, पण फळा अजून कोरडाच पुसला जातो आहे.

म्हणून एकच विनंती. मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी बांधकामांसाठी नियम काढले आहेत. मोठ्या प्रकल्पांभोवती उंच पत्रे, इमारतीला ओल्या हिरव्या कापडाचे किंवा तागाचे आच्छादन, पाण्याची फवारणी, राडारोड्याच्या गाडीवर ताडपत्री, बाहेर पडताना चाके धुणे. कागदावर ओले फडके आले आहे. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा तुमच्या गल्लीतल्या बांधकामासमोर दोन मिनिटे थांबा. पत्रे आहेत का, कापड ओले आहे का, गाडीची चाके धुतात का, एवढे बघा. नसेल तर फोटो काढा, तारीख घाला, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. एकट्याने नको, सोसायटीच्या लेटरहेडवर, आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसालाही सही करायला बोलवा, कारण ती धूळ त्याच्याही घरात जाते. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.